पाण्याचा हक्क आणि कायद्याचा अभ्यास
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. लढा तिथे संपला नाही. तो कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. सत्याग्रहाइतकाच कायद्याचा अभ्यासही लागतो, हा त्याचा धडा.

आज आणखी एक प्रश्न उभा आहे. ते पाणी पिण्यासारखे तरी राहिले आहे का?

मध्य प्रदेशातल्या रतलामचे उदाहरण घ्या. एका वॉर्डात उघडी गटारे, दुर्गंधी, दारूच्या कारखान्याचे सांडपाणी. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही! १९८० साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावले, ही सबब चालणार नाही. कलम जुनेच होते, फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३; २०२४ पासून नव्या संहितेत ते १५२ झाले आहे. पुढे १९९१ मध्ये त्याच कोर्टाने सांगितले की, घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते.

मग अडते कुठे? कायदा ग्रंथात आणि घाण आपल्या दारात! विद्वानांचा अभ्यास वस्तीतल्या आईबहिणींना कळेल, तेव्हाच त्याचे चीज होईल. आपली मुलेमुली वकील होत आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार या विहारात बसावे, लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते यासाठीच.

नमो बुद्धाय! जयभीम!