माप ओलांडल्यावरची भाषा



माझी आई मिरजेहून लग्न होऊन धारवाडला आली, तेव्हा तिला कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. पहिला शब्द ती बाजारात शिकली : ‘एष्टु?’, म्हणजे केवढ्याला? वर्षभरात ती शेजारणीशी कन्नडमधून भांडूही लागली. लग्नाआधी कुणी तिची परीक्षा घेतली असती, तर ती मिरजेलाच राहिली असती.

जर्मनीत २००७ पासून अशी परीक्षा आहे. तिथं राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचं, तर बहुतेकांना व्हिसाआधीच ‘ए-वन’ पातळीचं, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन यावं लागतं. येणारी व्यक्ती परावलंबी राहू नये, हा हेतू चांगलाच. पण ‘ब्लू कार्ड’वरच्या, चांगल्या पगाराच्या तज्ज्ञाच्या जोडीदाराला ही अट माफ! मग परीक्षा भाषेची की पगाराची?

आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा पाहा. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला इथं सात वर्षं राहिल्यावर नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी भाषेची अट नाही.

दुसरी भाषा मुरायला वेळ दिला की काय होतं, हे धारवाडकरांना सांगायला नको. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला.

सहिष्णुता म्हणजे भाषा शिकू नका, असं नव्हे. शिकायलाच हवी. पण आधी माप ओलांडू द्या. माझ्या आईला एक वर्ष लागलं. तेवढं तरी प्रत्येकाला मिळावं.