नाताळची सहल आणि घरातला आकडा



डिसेंबर लागला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, एफडी मोडली तर हातात किती येतील?" कुणाकडे लग्न असतं, कुणाकडे आजारपण असतं. पण अलीकडे एक कारण वरचेवर ऐकू येतं, "मुलांना नाताळच्या सुट्टीत कुठेतरी न्यायचं आहे." आज त्यावरच बोलायचं आहे. सहलीला जाऊ नका, असं मी सांगणार नाही. जायचंच, पण कसं जायचं ते सांगणार आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. संबंधितांना विचारूनच सांगते आहे, नाव मात्र घेत नाही. एक खातेदार एफडीची पावती घेऊन आले. सोबत बारावीच्या आधीच्या वर्षाला असलेली मुलगी होती. चार दिवसांच्या सहलीचे पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे होते. मी त्यांना समजावून सांगितलं की मुदतीआधी मोडली तर ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर लागतो, आणि त्यातूनही बहुतेक बँका थोडा दंड कापतात. ते म्हणाले, "चालेल." तेवढ्यात मुलीने पावतीवरची तारीख वाचली आणि विचारलं, "बाबा, ही माझ्या ॲडमिशनसाठी ठेवलेली ना?" वडील गप्प झाले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग आपण नागपूरला आत्याकडे जाऊ. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

ते शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. त्या घरात पैसा नव्हता असं नाही. पैशाबद्दल मुलीशी बोलणं झालं नव्हतं, एवढंच.

मुलं लहान असतात तेव्हा बागेतली घसरगुंडीही पुरते. बारा-पंधरा-सतराच्या वयात मुलांची आवड वेगळी होते, खर्चही वेगळा होतो. रेल्वेत बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट लागतं. पाच ते बारा वयाच्या मुलालाही वेगळा बर्थ हवा असेल तर भाडं पूर्णच. हॉटेलात आई-बाबांच्या खोलीत चौघं मावत नाहीत, जादा पलंग किंवा दुसरी खोली घ्यावी लागते. आणि दुसरी बाजूही आहे. दहावी-बारावी आली की हिवाळ्याची सुट्टी क्लासमध्ये जाते, पुढे मूल होस्टेलला जातं. सगळ्यांनी मिळून प्रवास करायचे असे दोन-तीनच हिवाळे हातात उरलेले असतात. म्हणून हा खर्च वायफळ नाही. पण तो फीच्या पैशातून किंवा उधारीतून होऊ नये.

आता एक प्रत्यक्ष आराखडा मांडू. आपलं रायपूर हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे. गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद या गाड्या इथूनच कोलकात्याला जातात. अंतर सुमारे 830 किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. हिवाळ्यात तिथली हवा फिरायला चांगली असते. मोठ्या मुलांना रमवणारं तर तिथं खूप आहे. 1814 साली स्थापन झालेलं इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल, सायन्स सिटी, कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं, आणि अजूनही रुळांवरून चालणारी ट्राम. मार्च 2024 पासून हुगळी नदीच्या खालून मेट्रो धावते. हावडा स्टेशनवर उतरून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा त्या मेट्रोने एस्प्लनेड गाठा. खर्च कमी, आणि मुलांना सांगायला गोष्टही होते. एक ध्यानात ठेवा, म्युझियम आणि व्हिक्टोरियाची दालनं सोमवारी बंद असतात. तीन दिवसांतला एक दिवस सोमवार निघाला तर तो सायन्स सिटीला द्या. 25 डिसेंबरला पार्क स्ट्रीटवर मोठी गर्दी असते. ती रोषणाई बघायचीच असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर दोन दिवस पुढे-मागे जा.

चौघांच्या कुटुंबासाठी, तीन रात्रींसाठी, उदाहरण म्हणून आकडे धरू. रेल्वेची जाऊन-येऊन तिकिटं 9,500. राहणं 7,500. जेवणखाण 4,000. तिथला प्रवास आणि प्रवेश-तिकिटं 2,000. आणि राखीव 2,000. एकूण 25,000 रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे त्या दिवसाचे दर बघून भरा. पण राखीव रक्कम काढून टाकू नका. रुळांच्या कामामुळे गाडी रद्द होणं किंवा उशिरा येणं रायपूरकरांना नवं नाही. रेल्वेने गाडी रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, पण हॉटेलची जादा रात्र आपल्यालाच भरावी लागते.

हे 25,000 आणायचे कुठून? सोपा मार्ग आरडीचा, म्हणजे आवर्ती ठेवीचा. दरमहा 2,500 रुपये, दहा महिने. 6 टक्के दर धरला तर व्याजाचे सुमारे 700 रुपये होतात. बँकेत आरडी सहा महिन्यांपासून उघडता येते. पोस्टाची आरडीही चांगली, पण ती पाच वर्षांची असते, सहलीसाठी सोयीची नाही.

मुदत ठरवताना मात्र बहुतेकांची गफलत होते. लोक जानेवारीत दहा महिन्यांची आरडी सुरू करतात, ती नोव्हेंबरात पिकते. रेल्वेचं आरक्षण मात्र प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. 26 डिसेंबरला निघायचं तर तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायला हवं. नोव्हेंबरात पैसे हातात आले तेव्हा वेटिंग लिस्ट लांब झालेली असते, मग तत्काळचा जादा आकार भरा. म्हणून पुढच्या नाताळची आरडी या डिसेंबरात उघडा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पैसे खात्यात येतील.

आता याची तुलना उधारीशी करा. काही जण क्रेडिट कार्डावर सहल करतात. पूर्ण बिल तारखेच्या आत भरणार असाल तर हरकत नाही. पण "किमान रक्कम" भरून बाकी पुढे ढकलली की अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. 25,000 वर ते पहिल्याच महिन्याला 875 रुपये. आरडीने दहा महिन्यांत जेवढं दिलं त्याहून जास्त कार्ड एका महिन्यात घेऊन जातं. "आता फिरा, नंतर भरा" अशा जाहिराती मोबाईलवर येतात, तिथेही प्रोसेसिंग फी आणि हप्ता चुकल्यावरचा दंड आधी वाचा.

मुलांचं काय? माझा सल्ला असा. आरडी उघडली त्याच रात्री जेवताना मुलांना आकडा सांगा. "आपल्याकडे 25,000 असतील, काय बघायचं ते तुम्ही ठरवा." पगार सांगायची गरज नाही, सहलीची रक्कम सांगितली तरी पुरे. मोठ्या मुलाला तिकिटांचे दर शोधायला सांगा, धाकटीकडे रोजच्या खर्चाची वही द्या. एखादी महागडी जागा हवी असेल तर त्याबदली काय सोडायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये याबद्दल बँकांना स्पष्ट सूचना दिल्या आहेत. मर्यादा बँक ठरवते आणि या खात्यात उचल मिळत नाही. दिवाळीत मिळालेले पैसे तिथे टाकले तर सहलीतली स्वतःची खरेदी मूल स्वतःच्या पैशाने करतं, आणि मग ते भाव दोनदा विचारतं, हा माझा अनुभव आहे.

सुट्टीच्या दिवसांत फसवणूकही वाढते, म्हणून दोन शब्द. हॉटेल बुक करताना सर्चमध्ये सापडलेल्या पहिल्याच नंबरवर पैसे पाठवू नका. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटही असतात. हॉटेलचा पत्ता आणि नंबर दोन ठिकाणी ताडून बघा, जमल्यास पैसे तिथे पोहोचल्यावर द्या. "रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसलात तर लाजू नका, ताबडतोब 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. मुलांच्या हातात फोन असतो, हे त्यांनाही सांगा.

आता कुणी म्हणेल, "मॅडम, हे सगळं पुढच्या वर्षीचं. या नाताळचं काय?" या वर्षी हातात आहे तेवढ्यातच करा. नागपूर आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आत आहे, आणि आपल्यापैकी निम्म्यांचे तरी नातेवाईक तिथे आहेत. डिसेंबर 2022 पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत रायपूरला थांबते, साध्या गाड्याही भरपूर आहेत. दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, नॅरो गेज रेल्वे संग्रहालय बघा, येताना संत्री आणा. तेही जमत नसेल तर आपल्याच गावातलं महंत घासीदास संग्रहालय किती मुलांनी पाहिलं आहे? घरचा डबा घेऊन नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात एक दिवस काढा. त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षीचा आकडा मुलांसमोर मांडा.

त्या खातेदारांचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. एफडी मोडली नाही. ते नागपूरला जाऊन आले, आणि जानेवारीत मुलगी वडिलांसोबत पुन्हा शाखेत आली, आरडीचा फॉर्म भरायला. फॉर्म तिनेच भरला, सही तेवढी वडिलांनी केली.