कोंबडीची फोड कोरडी का पडते?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी चुलीवर बोलणार आहे. मात्र या विषयाकडे मी आलो तो कामगारांच्या वाटेनेच.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या उपाहारगृहातील स्वयंपाक्यावर चोरीचा आळ आला. कोंबडीच्या छातीच्या २० किलो बिनहाडाच्या फोडी त्याच्या ताब्यात दिल्या होत्या. शिजल्यावर त्या १५ किलो भरल्या. पाच किलो गेले कुठे? ठेकेदाराने त्याचे काम थांबवले. फोडी चोथ्यासारख्या लागतात, ही जेवणाऱ्यांची तक्रार तर आधीपासूनच होती. म्हणजे ठेकेदाराच्या लेखी तो चोर आणि आमच्याच लोकांच्या लेखी अडाणी! माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तिथेच बसून मी या पाच किलोंचा हिशेब लावला.

कोंबडीच्या छातीच्या मांसात शेकडा ७५ च्या आसपास पाणीच असते. चरबी अगदी थोडी, आणि बाकी बहुतेक प्रथिने. हे पाणी स्नायूंच्या बारीक तंतूंत, प्रथिनांच्या जाळीत अडकलेले असते. मांस ५० अंश सेल्सियसच्या पुढे तापले, की ही प्रथिने आकसू लागतात. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीची वेष्टनेही आवळतात आणि ओले धोतर पिळावे तसे मांस स्वतःलाच पिळून काढते. ८० अंशांच्या पुढे गेले, की फार थोडा रस मागे राहतो.

कोणी विचारील, की रश्श्यात बुडालेली फोड कोरडी कशी पडेल? पिळवणूक आतून चाललेली असते, बंधूंनो! बाहेर कितीही पाणी असले तरी आकसलेल्या तंतूंना ते आत घेता येत नाही. आणि उकळता रस्सा १०० अंशांच्या जवळ असतो. म्हणून रस्सा वाढवून फोड मऊ होत नाही.

लीबिग नावाच्या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये असे मांडले, की आरंभी मोठी आच दिली म्हणजे वर कवच धरते आणि रस आत कोंडला जातो. पुढे लोकांनी वजने करून पाहिली, तेव्हा हे खरे ठरले नाही. तव्यावर फोड चर्र वाजते, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आवाज असतो. परतल्याने चव येते; रस कोंडला जात नाही.

आता तंगडी पाहा. कोंबडी दिवसभर पायांवर असते. त्यामुळे पायाच्या मांसात चरबी अधिक आणि तंतूंना बांधणारे कोलॅजेनही अधिक. सावकाश शिजवले, की ते विरघळून जिलेटिन होते आणि मांस रसाळ लागते. छातीपाशी ही पुंजी नाही. दोघींना एकाच पातेल्यात एकाच वेळी टाकून सारखाच वेळ शिजवले, तर छातीवर अन्याय होणारच.

दुसरी गोष्ट. आपल्या घरच्या कृती गावठी कोंबडीवर बसलेल्या आहेत. तो पक्षी वयाने मोठा, हिंडलेला, वातड. त्याला तासभर शिजवणे भागच होते. आजची ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची. कोवळ्या पक्ष्याला तोच तास म्हणजे शिक्षाच. भगिनींनो, फोड कोरडी झाली तर हात बिघडला असे समजू नका. पक्षी बदलला, घड्याळ बदलले नाही.

उपाय साधे आहेत. आधी मीठ लावून थंड जागी तासभर ठेवा. मिठाने काही प्रथिने सैल होऊन पाणी अधिक धरून ठेवतात. तंगड्या आधी घाला, छातीच्या फोडी शेवटी. कच्चे खा, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यात रोगजंतूंचा धोका आहे. पण जाड फोडीच्या मध्यभागी ७४ अंश गाठले, की ती खाण्यास निर्धोक होते. त्यापुढची आच केवळ रस पिळते. मोठ्या उपाहारगृहाने तापमापक ठेवावा, आणि दुसऱ्या पाळीचे जेवण सकाळपासून विस्तवावर न ठेवता वेगळे शिजवावे.

त्या स्वयंपाक्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही व्यवस्थापकांसमोर तराजू मांडला आणि त्यांच्याच माणसाच्या हातून एक किलो फोडी शिजवून घेतल्या. त्या पाऊण किलोच्या आसपास भरल्या. २० चे १५ होतात, ते याच हिशेबाने. आळ मागे घेतला गेला. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला. पुढे तापमापकही आला आणि जेवणाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या.

हिशेबात तूट दिसली, की आपले बोट आधी गरीब माणसाकडे वळते. ते वळण्यापूर्वी एकवार तराजू मांडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.