लिंकनच्या घड्याळांतील लेख

थोर पुरुषाच्या वापरांतील एखादी वस्तु पाहतांना त्या पुरुषाचें स्मरण होतें. ती वस्तु नीट करून देणाऱ्या कारागिराची आठवण सहसा कोणास होत नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांचें सोन्याचें खिशांतील घड्याळ मात्र याला अपवाद ठरलें आहे.

इ. स. १८६१ च्या एप्रिलमध्यें हें घड्याळ वॉशिंग्टन शहरांतील एका जवाहिऱ्याच्या पेढींत दुरुस्तीस आलें होतें. जोनाथन डिलन नांवाचा आयरिश कारागीर तें खोलून बसला असतां वार्ता आली कीं, दक्षिणेकडील बंडखोरांनीं चार्ल्स्टन बंदरांतील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या. यादवी युद्धास तोंड लागलें होतें. डिलननें तबकडीखालील धातूच्या पत्र्यावर कांहीं शब्द कोरले, तबकडी पुन्हा बसविली आणि घड्याळ परत गेलें.

पुढें १९०६ सालीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, डिलननें ही हकीकत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रास सांगितली. पहिली तोफ उडाली, गुलामगिरी मेली आणि निदान प्रयत्न तरी करील असा अध्यक्ष लाभला याबद्दल ईश्वराचे आभार, अशा आशयाचा मजकूर आपण कोरल्याचें त्याला स्मरत होतें.

१९५८ सालीं लिंकन यांच्या पणतूनें तें घड्याळ स्मिथ्सोनियन संस्थेस अर्पण केलें. १० मार्च २००९ रोजीं तें उघडण्यांत आलें. लेख खरोखरच होता! त्यांत १३ एप्रिल ही तारीख, किल्ल्यावरील हल्ल्याची नोंद, डिलनचें नांव आणि आपणांस सरकार आहे याबद्दल ईश्वराचे आभार, एवढेंच होतें. हल्ला वस्तुतः १२ तारखेस सुरू झाला होता. किल्ल्याच्या नांवांतहि एक अक्षर अधिक पडलें होतें. गुलामगिरीचा तर उल्लेखच नव्हता.

मग वृद्ध डिलन खोटें बोलला काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १८६१ च्या मार्चमध्यें, अधिकारग्रहणाच्या भाषणांत, जेथें गुलामगिरी आहे त्या राज्यांत हस्तक्षेप करण्याचा आपला हेतु नाहीं, असें स्वतः लिंकन यांनींच सांगितलें होतें. मुक्ततेचा जाहीरनामा १८६३ चा, तर गुलामगिरी नष्ट करणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. युद्धाचा जो अर्थ मागाहून प्रगट झाला, तो डिलनच्या स्मृतीनें नकळत पहिल्या दिवसावर कोरला.

पत्र्यावरील अक्षरें आणि वृद्धाची आठवण, दोन्ही जपण्याजोगीं आहेत. मात्र त्यांपैकीं एक साक्ष १८६१ ची आहे व दुसरी १९०६ ची, हें विसरतां कामा नये.