गोल्डफिशच्या गालावरचे पांढरे ठिपके

थंडी सरत आली आणि टाकीतलं पाणी कोमट होऊ लागलं की घरी गोल्डफिश पाळणाऱ्या पुष्कळ जणांच्या काळजात चर्र होतं. कालपर्यंत गुळगुळीत दिसणाऱ्या माशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर, म्हणजे ज्यांना आपण त्याचे गाल म्हणू तिथे, मिठाचे कण चिकटावेत तसे बारीक पांढरे ठिपके उठलेले असतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "रोग आला." मग कुणीतरी दुकानात धावतं, निळ्या औषधाची बाटली येते, पाण्यात खडेमीठ पडतं, एरवी आठवड्याने बदलायचं पाणी रोज बदललं जातं. आणि मासा? तो ठणठणीत असतो. तो नर आहे, वयात आला आहे आणि विणीचा हंगाम जवळ आला आहे, एवढंच ते ठिपके सांगत असतात.

हे ठिपके केराटिनचे असतात. आपली नखंही त्याच द्रव्याची बनलेली आहेत. कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काडीवर ते रांगेने उगवतात. नर मादीच्या मागे लागतो, तिच्या पोटाला, कुशीला ढुशा देतो, तेव्हा हा खडबडीतपणा कामी येतो. हंगाम सरला की ठिपके बहुधा आपोआप जातात. गोल्डफिश ज्या कुळातला, त्याच कुळात आपले रोहू, कटला आणि मृगळ येतात. मत्स्यबीज केंद्रात काम करणारी माणसं पावसाळ्याच्या तोंडाला रोहूच्या छातीच्या परावरून बोट फिरवतात. पर खरखरीत लागला तर नर, गुळगुळीत लागला तर मादी. ज्या खुणेवर त्यांचं सारं काम चालतं, तीच खूण दिवाणखान्यातल्या टाकीत दिसली की आपण घाबरतो.

अर्थात, घाबरण्यासारखे पांढरे ठिपकेही असतात आणि त्यांची नीट ओळख असायलाच हवी. दुकानात ज्याला 'इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, तो इक्थिओफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीचा रोग आहे. त्याचे ठिपके गालापुरते थांबत नाहीत. शेपटीवर, पाठीच्या परावर, डोक्यावर, कुठेही विखुरलेले दिसतात, रोज वाढतात आणि एका माशावरून दुसऱ्यावर जातात. मासा दगडाला, खड्यांना अंग घासतो, पर मिटून बसतो, कल्ले भराभरा हलवतो, खाणं सोडतो. प्रत्येक ठिपक्यात त्वचेखाली एक जीव वाढत असतो. पुरता वाढला की तो गळून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि विभागून शेकडो पिल्लं सोडतो. ती पोहत नवा मासा शोधतात. औषध या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं. त्वचेखालच्या ठिपक्याला ते काही करत नाही. म्हणूनच दोन दिवस औषध घालून ठिपके गेले की थांबणाऱ्याकडे रोग आठवड्याभरात परततो. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर हे सारं चक्र एका आठवड्याच्या आत पुरं होतं. पाणी थंड असेल तर ते लांबतं आणि औषधही तितकेच जास्त दिवस चालू ठेवावं लागतं.

निरोगी माशाला 'असू द्या, खबरदारी म्हणून' औषध देण्याला माझा ठाम विरोध आहे आणि त्यामागे कारण आहे. टाकीच्या फिल्टरमध्ये, खड्यांवर, काचेवर उपकारक जिवाणूंचा थर असतो. माशाच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मिथिलीन ब्ल्यूसारखी औषधं त्या जिवाणूंनाच मारतात. मग अमोनिया साचतो, कल्ले भाजून निघतात, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि मालकाला वाटतं, रोग बळावला. तो आणखी औषध घालतो. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगणारा मासा आहे. असे किती मासे मुळात नसलेल्या रोगाच्या उपचारात दगावत असतील, या विचाराने जीव हळहळतो.

गैरसमजाची अशी ठिकाणं इतर माशांतही आहेत. फायटर, म्हणजे बेट्टा, घ्या. मादीच्या पोटाखाली, पुढच्या लांब परांच्या मागे, एक पांढरा ठिपका असतो. पुष्कळांना तो जंतू वाटतो आणि काही जण चिमट्याने उपटायला जातात. ती तिची अंडी सोडण्याची नळी असते. नर फायटर पृष्ठभागावर बुडबुड्यांचा फेसाळ थर रचतो. तो पाणी खराब झाल्याचा फेस नसून अंड्यांसाठी बांधलेलं घरटं असतं. हाच मासा दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो आणि त्यातून तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. वर यायची वाट बंद केली तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. पण गोल्डफिश असा सारखा वर येऊ लागला, तर मात्र तत्काळ पाणी तपासा. तेच वागणं एका माशात प्रकृतीचं असतं आणि दुसऱ्यात संकटाचं. आपण कोणता मासा पाळला आहे हे आधी जाणून घ्यायचं, ते यासाठी.

गप्पी मासे आपल्या ओळखीचे. हिवतापाचे डास रोखायला पाण्याच्या टाक्यांत आणि विहिरींत सोडतात तेच. गप्पी मादीच्या पोटाच्या मागच्या भागात काळसर डाग दिसतो. ती गाभण असली की तो गडद होत जातो आणि अगदी शेवटी त्यात पिल्लांचे डोळेसुद्धा दिसतात. निऑन टेट्राची झळाळणारी निळी पट्टी रात्री दिवा बंद केल्यावर फिकी पडते आणि सकाळी उजेडात तासाभरात परत येते. मध्यरात्री उठून टाकीवर टॉर्च मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ऑस्करसारख्या सिक्लिड माशांच्या डोक्यावर बारीक छिद्रं असतात. पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदनेची ती छिद्रं आहेत आणि ती जन्मापासून असतात. मात्र ती रुंदावू लागली, कडा झिजू लागल्या, पांढरट द्राव दिसू लागला, तर तो डोक्याला खड्डे पाडणारा रोग समजावा.

आता आपल्या सह्याद्रीतल्या एका माशाविषयी. दुकानात 'झेब्रा लोच' म्हणून मिळणारा बोटिया स्ट्रायाटा हा पश्चिम घाटातून उतरणाऱ्या कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा रहिवासी आहे. अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाशी मिशा. त्याला जाळीने पकडलं की डोळ्याखालून एकदम दुटोकी काटा बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. मुलांना वाटतं, माशाला काहीतरी टोचलं आहे. मोठी माणसं तो काटा ओढून काढायला बघतात. तो माशाचा स्वतःचा काटा आहे, खाचेत मिटून ठेवलेला आणि शत्रूने गिळू नये म्हणून उघडणारा. मासा ओढू नका, जाळी कापा. त्याहून बरं म्हणजे हा मासा जाळीऐवजी प्लास्टिकच्या भांड्याने उचला. ही प्रजाती आता धोक्यात आलेल्यांत गणली जाते, तेव्हा एकेक मासा जपण्यासारखा आहे.

आतापर्यंत सांगितलेल्या खुणा निसर्गाने दिलेल्या. पण टाकीतल्या माशांवर माणसाच्या हातच्या खुणाही भरपूर आहेत आणि त्यांत गोल्डफिशचा इतिहास सर्वांत लांब. चीनमध्ये, विशेषतः सोंग राजवटीच्या काळात, एका साध्या करड्या माशातली लालसर निपजणारी पिल्लं वेगळी काढून तळ्यांत जोपासली गेली. पुढे मासे मातीच्या भांड्यांत, माणसाच्या नजरेसमोर आले आणि जे जे वेगळं दिसलं ते ते राखलं गेलं. कुणाची शेपटी दुहेरी, कुणाच्या पाठीवर परच नाही, कुणाचे डोळे बाहेर आलेले, कुणाच्या डोक्यावर मांसल मुकुट. चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांतल्या आणि वनस्पतींतल्या बदलांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात गोल्डफिशच्या या परांच्या आणि शेपटीच्या तऱ्हांची दखल घेतली आहे.

दुहेरी शेपटीचं कोडं तैवानमधल्या संशोधकांनी २०१४ साली उलगडलं. भ्रूणाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवण्यात कॉर्डिन नावाच्या जनुकाचा वाटा असतो. माशाच्या शेपटीचा पर घडतो तो मुख्यतः पोटाकडच्या बाजूने. कॉर्डिनचं काम बिघडलं की पोटाकडच्या रचना वाढतात आणि शेपटी दोन होते. बऱ्याचदा पोटाखालचा परही जोडीने येतो. असं जनुक पुरतं मोडलं तर मासा सहसा जगत नाही. पण गोल्डफिशच्या पूर्वजांत फार प्राचीन काळी सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली होती. आजही त्याच्या पेशीत १०० गुणसूत्रं आहेत. त्यामुळे कॉर्डिनच्या दोन प्रती आहेत. एक बिघडली तरी दुसरी गाडा ओढते. दुकानातला डौलदार शेपटीचा मासा पाहताना मला या दुसऱ्या प्रतीची आठवण होते. तिच्यामुळे तो जिवंत आहे.

माणसाने घडवलेलं रूप आणि रोगाने आणलेलं रूप यांत गल्लत होते, ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण डोळे. टेलिस्कोप किंवा ब्लॅक मूर जातीचे डोळे पिल्लू वाढताना काही महिन्यांत हळूहळू पुढे येतात, दोन्ही बाजूंना सारखे, आणि मासा मजेत खात असतो. साध्या माशाचा डोळा चार दिवसांत बाहेर आला तर ती व्याधी आहे. एकच डोळा असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही असतील तर दूषित पाणी किंवा आतला संसर्ग. दुसरं ठिकाण खवले. पर्लस्केल जातीच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर चुन्याचा उंचवटा असतो, पण खवल्याची कड अंगाला चिकटलेली असते. शरीरात पाणी साचलेल्या माशाचे खवले मात्र कडेने उचलले जातात आणि अंगापासून सुटे उभे राहतात. वरून, पाठीच्या बाजूने पाहा, फरक लगेच कळतो. जन्मजात ते सारखं आणि संथ, रोगाचं ते एकांगी आणि अचानक, असा माझा ढोबळ नियम. तो कधी कधी फसतो, कारण रोगानेही दोन्ही डोळे बाहेर येतात आणि खवले तर उठतात ते दोन्ही बाजूंनी सारखेच. म्हणून माशाच्या वागण्याकडे पाहायचं. तो खातो का, इतरांत मिसळतो का, पर उघडे आहेत का. काही शंका आली तर औषधाआधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा. तपासणीचे थेंब मोठ्या मत्स्यालयांच्या दुकानांत मिळतात. आणि रोज एकाच बाजूने, एकाच उजेडात माशाचा फोटो काढून ठेवायचा. खूण वाढते आहे की स्थिर आहे हे फोटोंवरून ठरवा. काळजीत असलेल्या माणसाला प्रत्येक ठिपका कालच्याहून मोठा दिसतो.

घडवलेलं रूप म्हणजे निरोगी रूप, असंही नाही. ओरँडाच्या डोक्यावरचा मुकुट वाढत जाऊन डोळे झाकतो आणि माशाला समोर पडलेला दाणा दिसत नाही. बबल आयच्या डोळ्यांखालच्या पाण्याच्या पिशव्या खरखरीत दगडाला लागून फुटतात. आखूड, गोल अंगाच्या जातींत आतड्याला आणि हवेच्या पिशवीला जागा अपुरी पडते, म्हणून खाल्ल्यावर ते उलटे तरंगतात. बलून मॉलीचं गोंडस पोट हे वाकलेल्या कण्याचं फळ आहे. तैवानमध्ये संकरातून आलेल्या ब्लड पॅरटचं तोंड नीट मिटतच नाही. खाणं तो घशातल्या दातांनी चिरडतो. १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेल्या फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचा उंचवटा आपल्याकडे भाग्याचा मानतात. श्रद्धा ज्याची त्याची. माझं मागणं एवढंच, की तो उंचवटा फुगवायला त्याला दिवसरात्र खाऊ घालू नका, आणि भरपूर मोठी टाकी द्या. हे मासे घरात आलेच असतील तर त्यांना प्रेमाने सांभाळा. मॉलीचा कणा वाकडा आहे म्हणून तिला टाकून देऊ नका. पण पुढचा मासा घेताना सरळ अंगाचा, मिटणाऱ्या तोंडाचा मागा. दुकानदार तेच आणतो जे आपण मागतो.

एका गोष्टीला मात्र कसलीच सबब नाही, ती म्हणजे रंगवलेले मासे. गंगेच्या खोऱ्यातला पारदर्शक काचमासा, ज्याला बंगालमध्ये चांदा म्हणतात, त्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केलं. त्या इवल्या माशाच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवा, जांभळा रंग टोचतात आणि 'डिस्को फिश' म्हणून विकतात. टोचताना किती मरतात ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. जगतात त्यांचा रंग काही महिन्यांत विटतो आणि मालक विचारतो, "याला कसला रोग झाला?" काचमासा हवाच असेल तर बिनरंगी मागा. पाच-सहांचा गट घ्या, लपायला दाट वनस्पती ठेवा, खायला आर्टेमियासारखं जिवंत अन्न द्या. दिव्यासमोर त्याच्या पाठीचा कणा मणका मणका मोजता येतो आणि पोटावरची हवेची पिशवीही आरपार दिसते. हे त्याचं जन्मजात रूप आहे, त्यावर औषध नको.