लिहिताना अडलात तर

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. पुण्या-नागपुराहून, सांगली-लातूरहून गेलेली आपली मुलंही त्यात आहेत. अपेक्षित प्रश्न पाठ करून पेपर लिहिण्याची सवय असलेल्या अनेकांपुढे तिथे अचानक 'हाउसआर्बाइट' उभं राहतं: घरी बसून लिहायचा, संदर्भ देऊन स्वतःचं म्हणणं मांडणारा दीर्घ निबंध.

अशा वेळी विद्यापीठाच्या लेखन केंद्रात जावं. बीलेफेल्ड विद्यापीठात १९९३ साली 'श्राइबलाबोर' हे लेखन केंद्र सुरू झालं. आज अशी केंद्रं अनेक विद्यापीठांत आहेत. विद्यार्थ्यांना सल्ला सहसा मोफत मिळतो. समोर बसतो तो बहुधा प्रशिक्षण घेतलेला विद्यार्थीच. तो तुमच्या चुका दुरुस्त करून देत नाही, गुणही देत नाही. तो विचारतो: तुमचा मूळ प्रश्न कोणता? हा परिच्छेद इथे का? उत्तर देता देता गुंता आपल्यालाच सुटू लागतो. माझ्या मते हीच खरी शिकवण.

फ्रांकफुर्ट आन डेर ओडर इथल्या वियाद्रिना विद्यापीठाने तर २०१० साली रेंगाळलेल्या निबंधांसाठी रात्रभर केंद्र उघडं ठेवलं. ही प्रथा पुढे इतर देशांतही पोचली.

तेव्हा मित्रांनो, मसुदा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. नुसता विषय हाती असला तरी वेळ ठरवा. जाताना प्राध्यापकांच्या सूचनांचा कागद आणि आपल्याला अडलेला एक नेमका प्रश्न सोबत न्या.