ऐकण्याआधीची चिठ्ठी



काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीनं रात्री माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाली, ‘अब्बा, डोळे मिटून ऐका.’ सात मिनिटं नुसतं संगीत. बास गिटार आपल्या चालीनं चाललेली, मागे जुन्या मूग सिंथेसायझरचे स्वर धुक्यासारखे उतरत होते. कुणालाच कुठं पोहोचायची घाई नव्हती. थंडीतल्या पहाटेच्या एसटीची ओलसर काच आठवली.

तो अल्बम होता ‘मून सफारी’. ‘एअर’ या फ्रेंच जोडीचा, जानेवारी १९९८ मधला. पॅरिसजवळच्या व्हर्सायचे हे दोघं. निकोला गोदँ आर्किटेक्चर शिकलेला, झाँ-बेनुआ डंकेल गणित.

मग या अल्बमविषयी काय काय लिहिलं गेलं, ते वाचत गेलो. समीक्षकांनी त्याचं स्वागतच केलं होतं. पण त्या स्वागताबरोबर दोन चिठ्ठ्याही चिकटवल्या गेल्या. पहिली ‘फ्रेंच टच’ची. आदल्याच वर्षी डाफ्ट पंकचा ‘होमवर्क’ गाजला होता. फ्रान्सचं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नाचाचं, असा हिशेब झाला. एअरच्या संगीतावर नाचायचं म्हटलं तर झोप लागेल! दुसरी चिठ्ठी ‘लाउंज’ची. म्हणजे पाहुणे जेवत असताना मागे मंद लावून ठेवायचं संगीत.

ही दुसरी चिठ्ठी जास्त घातक, कारण ती पूर्ण खोटी नाही. हे संगीत लावून खरंच निवांत जेवता येतं. पण तेवढ्यावर थांबलं, की बाकीचं ऐकायचं राहून जातं. ‘सेक्सी बॉय’मधला आवाज यंत्रातून असा काढला आहे, की गाणारा पुरुष की स्त्री, असा प्रश्न पडावा. बेथ हर्श ही अमेरिकन गायिका दोन गाणी अगदी जवळ बसून बोलल्यासारखी गाते. व्हायोलिनचा ताफा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ऐकायला हलकं, पण त्यामागचे कष्ट हलके नव्हेत.

२००१ साली त्यांचा ‘१०,००० हर्ट्झ लिजेंड’ आला. अधिक काळोखा, अधिक अवघड. समीक्षकांची मतं दुभंगली. पहिल्या अल्बमची सहजता कुठं गेली, अशी हळहळही झाली. म्हणजे हलकं केलं तर ते मागे ठेवायचं, आणि जड केलं तर हलकेपणाची आठवण काढायची.

हे मी जिव्हाळ्यानं सांगतोय, त्याला कारण आहे. माझा पहिला कवितासंग्रह निघाला, तेव्हा एका परीक्षणाची सुरुवातच अशी होती, की हे एका मुस्लिम कवीचं सोपं, गोड मराठी. हेतू कौतुकाचाच होता. पण आईनं शिवलेल्या गोधडीवरची एक कविता त्या संग्रहात होती. चार वर्षं मी तिचे टाके उसवत आणि घालत होतो. तिच्याविषयी अक्षरही नव्हतं. मी चिडलो आणि दुसरा संग्रह मुद्दाम अवघड लिहिला. एअरनं तसं केलं, असं मी म्हणणार नाही. माझ्यापुरतं सांगतो : तो संग्रह आज मलाही वाचवत नाही. चिठ्ठी दुसऱ्यानं लावली होती, पण तिला उत्तर देत बसलो तो मीच.

२०२४ साली एअरनं ‘मून सफारी’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमानं वाजवत दौरा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपातही ते वाजवायला होते. ‘लाउंज’ हा शब्द त्यांच्या नावामागं आजही येतो. मात्र मागे ठेवायचं म्हटलेलं संगीत पंचवीस वर्षांनंतर लोकांनी तिकीट काढून, समोर उभं राहून ऐकलं.

मित्रहो, परीक्षणं जरूर वाचा. मीही वाचतो, कधीमधी लिहितोही. फक्त आधी एकदा ऐका, मग चिठ्ठी वाचा.